नगरसेवकांच्या मिशा

जामखेडचे उद्यान मोडून तेथे गाळे बांधण्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांचे कलमवार हरकत-अर्ज मीच लिहिले. पाट्या रंगविणारे एक वृद्ध चाचा मात्र, कानावर ब्रश खोचून, उद्यानाच्या भिंतीवर झाडे लावणारे रहिवासी रंगवू लागले. मधोमध त्यांनी कुदळ घेतलेले आमच्या प्रभागाचे नगरसेवक काढले.

"चाचा, गाळे तर यांनाच हवेत!" मी म्हणालो.

"म्हनून तर, भाऊसाहेब. सोताच्या थोबाडावर कोन हातोडा घालील?"

पाडकामाच्या दिवशी नगरसेवक चित्रापुढे थबकले. "चाचा, मिशा लई बारीक काढल्या की!"

चाचांनी तत्काळ मिशा जाड केल्या. मजूर परत गेले. भिंत आणि उद्यान अद्याप शाबूत आहेत.

माझेही चित्र तेथे असावे, असा अर्ज मी चाचांकडे तोंडीच केला आहे.