कुमझारला कुलूप

मस्कत बंदरातून खसबची फेरीबोट सुटली तेव्हा माझ्या मांडीवर गुंडाळलेला एक तक्ता होता. मालदीवचा. बाराशेच्या आसपास बेटं, वस्ती त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर, आणि देशातली एक तृतीयांश माणसं एकट्या मालेत. एक ठिपका म्हणजे पाचशे माणसं असं धरून मी तो स्वतः आखला होता. रुसैलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो, त्यामुळे हात त्यालाच सरावलेला.

तक्ता माझ्या बायकोसाठी होता. वैशाली मस्कतच्या अल् घुब्रा भागात एका शाळेत भूगोल शिकवते, तेव्हा हंगामी होती. सुट्टीनंतर नववीच्या वर्गावर तिचा एक पाठ तपासला जाणार होता आणि कायम होणं त्या पाठावर होतं. विषय: द्वीपराष्ट्रात लोकसंख्या कशी विभागलेली असते. त्याच वर्गात आमची ईशा.

"आई, ते डॉट्स नको ना," ईशा बोटीतही सांगत होती. "सगळे झोपतील. मी पण झोपेल."

"म्हणून तर चाललोय," वैशाली म्हणाली. "मालदीव परवडत नाही. पण होडीशिवाय जाता येत नाही असं एक गाव मला डोळ्यांनी बघायचंय."

ते गाव कुमझार. ओमानच्या उत्तरेला मुसंदमचं टोक, आणि टोकाच्याही टोकाला हे. रस्ता नाहीच.

मुसंदमचं मुख्य गाव खसब आलं ते डोंगरांच्या कुशीत. डोंगर असे की गवताची काडी नाही, आणि पायथ्याशी खजुरीच्या गर्द बागा. जूनची हवा भट्टीच्या तोंडासारखी. आमच्या हॉटेलामागच्या मोहल्ल्यात संध्याकाळी ही वर्दळ! पोरं ओरडत होती, चटया पसरलेल्या, बायका खजुराचे घोस निवडत होत्या. एकीने दारातूनच वैशालीच्या हातात रुतबची (नुकत्याच पिकलेल्या मऊ खजुराची) थाळी ठेवली. आम्ही उभ्याउभ्या ती संपवली, "शुक्रन" म्हटलं आणि झोपायला गेलो. सकाळी कुमझारला जायचं होतं ना.

होडीवाला अली चाळिशीचा, हिंदी बोलणारा.

"कुमझार?" त्याने विचारलं.

"कुमझार."

"पक्का?"

"पक्का."

त्याने खांदे उडवले. "यल्ला, चलो."

तासभर आम्ही कड्यांच्या सावलीतून गेलो. वाटेत बेटामागून बेट, नुसता उभा खडक. घर नाही, झाड नाही. ईशाची टोपी वाऱ्याने समुद्रात नेली. अलीने होडी वळवली, पण टोपी बुडाली होती. "आता तिकडे पॉप्युलेशन एक," ती म्हणाली.

मग दोन कड्यांच्या बेचक्यात कुमझार दिसलं. सपाट जागा एवढीशी, म्हणून घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली आणि थडगीसुद्धा घरांच्या मधोमध. ओळीने ओढून ठेवलेल्या होड्या. शेळ्या. आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराला कुलूप.

एका सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी विचारलं, "लोग किधर?"

"खसब."

"सब?"

"सब. गर्मी में खजूर. स्कूल बंद, खलास, सब खसब."

मी अलीकडे वळलो. "अरे, मग आधी बोलायचं नाही?"

"तुम बोला कुमझार. हम कुमझार लाया," अली शांतपणे म्हणाला. "कुमझार का आदमी मंगता, ये तुम कब बोला? आदमी तो तुम्हारे होटल के पीछे है. कल रुतब खाया न? वो हमारा चाची."

ईशा वाळूतच बसून हसायला लागली. मला मात्र राग आला होता, थोडा अलीचा, बराचसा स्वतःचा. सुट्टी, बोटीचा प्रवास, आणि दाखवायला काय तर कुलपं.

वैशाली रागावली नव्हती. ती त्या म्हाताऱ्यांशेजारी जाऊन बसली. त्यांचं नाव सालेम. हिवाळ्यात मासळी इकडे, उन्हाळ्यात खजूर तिकडे, वाडवडिलांपासून असंच, ते सांगत होते.

"आणि चाचा, तुम्ही? अकेला रहता?"

सालेम ताठ झाले. "कोई तो रहेगा. बकरी को पानी कौन देगा?"

परतताना वैशाली मागे वळून कुमझारकडे बघत होती. मग म्हणाली, "अहो, ओमानचा असा तक्ता केलात, तर कुमझारचा ठिपका कुठे काढाल?"

मी मनातल्या मनात तो आधी कुमझारला काढला, मग खसबला, मग दोन्हीकडून पुसला.

मस्कतला पोचलो. घुब्रातल्या आमच्या इमारतीचा जिना चढताना पायांचा आवाज घुमत होता. सगळे सुट्टीला भारतात. पहिल्या मजल्यावर कुलूप, दुसऱ्यावर कुलूप. घरात शिरताच मी सवयीने खिळ्यावरचा जुडगा काढला. शेजारच्यांनी तुळशीला, झाडांना पाणी घालायला किल्ल्या माझ्याकडे दिल्या होत्या. मागे वळलो तर वैशाली बॅग हातात धरून तशीच उभी, माझ्याकडे बघत.

"काय झालं?"

"सालेमचाचा," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

ऑगस्टमध्ये पाठ झाला. तो मी ईशाच्या तोंडून ऐकला, दुपारी तिघं जेवताना, घास हातातच ठेवून.

"बाबा, आईने बाक बाजूला केले. फ्लोअरवर खडूने आयलंड्स. आम्ही सगळे पॉप्युलेशन. मालेमध्ये एवढी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही, आणि एका बेटावर एकटीच मुलगी, बोअर होत. मग आई बोलली, खजूर पिकले. सगळे पळाले! मग आई बोलली, आता तुम्ही घुब्रात राहता आणि जून आला. तर अख्खा क्लास दाराकडे, इंडियाला! तपासायला आलेल्या मॅम पण भिंतीला चिकटल्या."

"आणि तू?"

"मी नाही गेली. मॅमनी विचारलं, तू का थांबलीस? मी बोलली, कोणीतरी राहायला पाहिजे ना. तुळशीला पाणी कोण घालणार?"

"इंग्रजीत सांगितलंस?"

"नाही. मराठीतच आलं तोंडात."

वैशाली महिनाभरात कायम झाली. मी पाठीवर थाप मारून घ्यावी असं त्यात माझं काही नव्हतं. तक्ता गुंडाळलेलाच राहिला. तरी त्या दुपारी मी दोघींकडे पाहत राहिलो आणि भात निवून गेला.