सासऱ्याची गाडी, सुनेचं लायसन्स

बापूरावांचे गुडघे स्टिअरिंगला अडकले होते. एक पाय गाडीत, एक बाहेर आणि डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं.

"बसा ना पूर्ण," मी म्हटलं.

"बसलोच की. मी असाच बसत असतो."

वसमतहून कुरुंद्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका लहानशा पुलाच्या कठड्याला नाक लावून त्यांची पांढरी गाडी उभी होती. डाव्या बाजूचा दिवा फुटलेला, बंपर तुटलेला, बॉनेट मधोमध वर उचललेलं, रेडिएटरचं पाणी खाली सांडून वाळून गेलेलं. बापूराव कुरुंद्याचे हळदीचे बागाईतदार. साठीच्या पुढचे आणि सहा फुटांहून उंच. ड्रायव्हरची सीट मात्र पार पुढं, शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली होती. तिच्यावर एक उशी होती. फुलाफुलांची.

मी सर्व्हेअर आहे. म्हणजे कंपनीचा नोकर नाही. सरकारकडून परवाना घेतलेला स्वतंत्र माणूस. कुणी गाडीचा क्लेम केला की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती झालंय, सांगतात तसंच झालंय का, पॉलिसीत बसतं का, एवढं बघून मी रिपोर्ट देतो. पैसे मंजूर करणं न करणं कंपनीच्या हातात. गाडी अपघाताच्या जागेवर उभी असतानाच जाऊन बघायचं, त्याला आम्ही स्पॉट सर्व्हे म्हणतो. त्या दिवशी मी त्याच कामाला आलो होतो.

कंपनीला फोन बापूरावांच्या पुतण्यानं केला होता. भास्कर त्याचं नाव. त्यानं कळवलं होतं की काका गाडी चालवत होते, समोर मेंढरं आली, गाडी कठड्याला धडकली. तो आता गाडीच्या पलीकडं उभा राहून माझ्याकडं न बघता मोबाईल बघत होता.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून टाकली होती. तिच्यावर बापूरावांच्या पत्नी गोदावरीबाई बसल्या होत्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि वसमतला डॉक्टरांना डोळा दाखवून येतानाच हा प्रकार घडला. त्यांच्या शेजारी त्यांची सून उभी होती, रेणुका. बुटकीशी, तिशीच्या आतबाहेरची. उजव्या अंगठ्याला पट्टी.

"आजी, तुम्ही गाडीत होता ना?" मी विचारलं.

"व्हय. मागं बसले होते."

"गाडी कोण चालवत होतं?"

गोदावरीबाईंनी चष्मा नीट केला. "मला काय इचारता बापा. माझ्या तर डोळ्याचं आपरेशन झालंय."

खोटं बोलायचं नव्हतं आणि नवऱ्याला उघडंही पाडायचं नव्हतं. वकिलालाही इतकं पटकन सुचलं नसतं.

मी बापूरावांकडं वळलो. ते तोवर गाडीतून कसेबसे बाहेर आले होते.

"लायसन्स दाखवता का?"

त्यांनी आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि मोठ्या ऐटीत माझ्या हातावर ठेवलं. मी तारीख बघितली. मुदत संपून बरेच महिने झाले होते.

"हे संपलंय, बापूराव."

"संपतंय कसं? ट्रॅक्टर, जीप सगळं चालवून बसलो मी. आता काय गाडी विसरलो का?"

"तुम्ही विसरला नाहीत. पण पन्नाशीनंतर लायसन्सची मुदत थोडी थोडी मिळते. परत परत रिन्यू करावं लागतं."

"बरं मग? करू की रिन्यू. उद्याच करू."

माझ्या मनात मात्र वेगळाच हिशेब चालला होता. ते सांगतात तसं लिहिलं, तर चालकाकडं चालू लायसन्स नव्हतं एवढ्या एका ओळीवर क्लेम नामंजूर होणार. सीट आणि उशी सांगतात ते लिहायचं, तर ते कुणीतरी तोंडानं सांगायला हवं. सर्व्हेअरनं कुणाच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. घातले, तर तो सर्व्हे राहत नाही.

"बापूराव, मी अजून काहीच लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "क्लेम फॉर्मवर तुमची सहीही व्हायची आहे. गाडी कोण चालवत होतं, हे मी परत विचारणार आहे. घाई नाही. पाणी प्या, मग सांगा."

ते काही बोलायच्या आत बांधावरून एक माणूस खाली उतरला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात किटली. तो सरळ आमच्याकडं आला.

"ती ताई कुठं हाय?" त्यानं विचारलं. "गाडी चालवणारी. लागलं तर न्हाई ना तिला?"

भास्करला एकदम खोकला आला. तो त्या माणसाला डोळ्यांनी काहीतरी सांगू लागला.

"काहून डोळे मिचकावून राहिला भाऊ?" तो माणूस म्हणाला. "ताईचं इचारलं तर काय चुकलं?"

त्याचं नाव सोपान. मेंढरं त्याचीच होती. रस्ता ओलांडताना मधली काही बिचकून थांबली, तेवढ्यात वळणावरून गाडी आली. एकाही मेंढराला धक्का लागला नव्हता. म्हणून तो बाईसाठी शेळीचं दूध घेऊन आला होता.

मग रेणुका पुढं आली.

"बाबा, राहू द्या आता," ती बापूरावांना म्हणाली. माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, गाडी मी चालवत होते. यांची फॅक्टरीत ड्युटी होती, म्हणून आत्याबाईंना दवाखान्यात मीच नेलं. बाबा तर घरी होते. भास्करभाऊंनी फोन केला तेव्हा आले."

यांची म्हणजे नवऱ्याची. तो साखर कारखान्यात कामाला.

"लायसन्स आहे?"

तिनं पर्समधून काढून दिलं. चालू होतं, चारचाकीचंच होतं, सगळं बरोबर.

मी बापूरावांना विचारलं, "मग हे सगळं कशासाठी?"

ते खाली बघत राहिले. सहा फुटांचा माणूस एकदम चार फुटांचा दिसायला लागला.

"गाडी माझ्या नावची. इन्शुरन्स माझ्या नावचा," ते म्हणाले. "भास्कर म्हनला, मालक सोडून दुसरं कुनी चालवत असलं तर कंपनी काहीच देत न्हाई. मालकाचंच नाव सांगा म्हनला. आन् खरं सांगू का साहेब, गावात लोक बोलायला टपलेलेच हायेत. सुनेला गाडी शिकवली मीच. वसमतच्या क्लासला मीच धाडलं. आता हे झालं म्हनल्यावर सगळे म्हनतील, बघा, बाईच्या हातात गाडी दिली. पोरीचा जीव खालीवर व्हईल. म्हनलं, माझ्याच नावावर जाऊ दे."

रेणुकानं मान फिरवली. गोदावरीबाईंनी काळ्या चष्म्याच्या खालून पदर घातला. डॉक्टरांनी डोळा चोळायचा नाही म्हणून बजावलं असणार, कारण त्यांनी तो नुसताच टेकवून ठेवला.

आता नियम सांगायला हरकत नव्हती. मी तिथंच, लिंबाखाली, सगळ्यांना सांगितला. गाडीचा विमा हा गाडीचा असतो. मालकाची संमती असेल, चालवणाऱ्याकडं त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असेल आणि गाडी घरच्याच कामाला वापरलेली असेल, भाड्यानं नाही, तर सून चालवो, मुलगा चालवो की शेजारी, पॉलिसी लागू राहते. पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. फक्त ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असतं.

"म्हणजे मी फुकटच खोटं बोललो?" बापूरावांनी विचारलं.

"फुकट नाही. महागात पडणार होतं. तुमच्या लायसन्सवर क्लेम गेला असता. सूनबाईंच्या लायसन्सवर उभा राहू शकतो."

भास्कर म्हणाला, "पण आमच्या एका दोस्ताचा क्लेम असाच गेला होता. भावाची गाडी म्हनून."

"गाडीचं आरसी बुक भावाच्या नावावर आणि पॉलिसी दोस्ताच्या नावावर, असं होतं का?"

भास्करनं आठवून बघितलं. "व्हय. हप्ता तोच भरायचा ना, म्हनून."

"तिथं अडलं. हप्ता कुणीही भरावा. पण आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसीही त्याच्याच नावाची पाहिजे. चालवणारा दुसरा चालतो. मालक दोन ठिकाणी दोन चालत नाहीत."

रेणुकानं विचारलं, "आणि सर, माझ्या अंगठ्याचं?"

"त्याचं काही नाही मिळणार. पॉलिसीत अपघाताचं एक कव्हर असतं, पण ते मालक स्वतः चालवत असेल तर मालकापुरतं. घरच्या बाकीच्यांसाठी वेगळं घ्यावं लागतं, थोडा जास्तीचा हप्ता भरून. तसंही ते मोठ्या इजेसाठी असतं. अंगठ्यासाठी नाही."

"मग हे दूध घ्या," सोपान म्हणाला. तिनं किटली घेतली.

मी रेणुकाचा जबाब लिहून घेतला, फोटो काढले, सीट आहे तशी मोजली. ब्रेकच्या खुणा डांबरावर स्पष्ट होत्या. तिनं वेळेत ब्रेक मारला होता आणि मेंढरं उजवीकडं होती म्हणून गाडी डावीकडं काढली होती. वेग जास्त असता तर कठडाच राहिला नसता.

आता प्रश्न कंपनीचा होता. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला क्लेम बघणाऱ्या मॅडमना फोन केला. हुशार बाई. तपासाशिवाय कुठल्या कागदावर सही करत नाहीत.

"सर, फोनवर ड्रायव्हर म्हणून मालकाचं नाव सांगितलंय. आता तुम्ही सुनेचं म्हणताय. हे मिसस्टेटमेंट नाही का?"

"फोन मालकानं केला नव्हता, पुतण्यानं केला होता. सही केलेल्या क्लेम फॉर्ममध्ये खरं नाव आहे. आणि मॅडम, त्या खोट्यात त्यांचा फायदा काहीच नव्हता. उलट खोटं टिकलं असतं तर तुमचेच पैसे वाचले असते."

"तुम्ही समोर असताना मालकानंही तेच सांगितलं ना?"

"सांगितलं. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. गुडघ्यासकट."

मॅडम थोड्या हसल्या. "ठीक आहे. पण घरच्यांच्या शब्दावर मी नाही जाणार. त्या मेंढपाळानं बघितलंय म्हणता ना, त्याचा जबाब आणा."

सोपानचा जबाब मी त्याच दिवशी घ्यायला हवा होता, पण दूध देऊन तो मेंढरांमागं निघून गेला होता. मेंढपाळाला पत्ता नसतो. आज या शेतात, उद्या त्या शेतात. शेवटी रेणुकानंच शोध लावला. तिच्या माहेरचे लोक जवळा बाजारचे. त्यांच्याकडून कळलं की सोपाननं तिथल्या एका रिकाम्या रानात मेंढरं बसवली आहेत. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी मुद्दाम मेंढरं बसवून घेतात.

मी गेलो तेव्हा तो एका कोकराच्या पायातला काटा काढत होता. मी विचारत गेलो आणि तो सांगेल तसं लिहीत गेलो. वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली.

"एक राह्यलं साहेब."

"काय?"

"ताईनं हॉर्न न्हाई वाजवला. ते लिवा. लोक वळणावर भोंगा वाजवतात, मेंढरं बिथरून गाडीखाली येतात. ती नुसती थांबायच्या मागं लागली. ते लिवल्याबिगर मी अंगठा देनार न्हाई."

कायद्याच्या दृष्टीनं त्या ओळीला काही किंमत नव्हती. मी ती लिहिली. जबाबातली सगळ्यात चांगली ओळ तीच होती.

मॅडमनी क्लेम पास केला. गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा बापूरावांचा फोन आला. आभार मानतील असं वाटलं होतं.

"साहेब, बंपरचे अर्धेच पैसे काहून?"

"बंपर प्लास्टिकचं असतं. प्लास्टिकला, रबराला निम्मा घसारा धरतात. नियमच आहे."

"मग लोखंडाचं बसवू का?"

"नका बसवू. ते बेकायदेशीर आहे."

मग ते म्हणाले, "बरं, लायसन्स रिन्यू करायला हिंगोलीला येऊन राहिलो. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं म्हने. सूनबाई घेऊन येऊन राहिली."

गावात लोक काय बोलले, तेही मी विचारलं. बोलले थोडे दिवस, म्हणाले. मग आठवडाभरात दोघा शेजाऱ्यांनी आपापल्या सुनांसाठी वसमतच्या क्लासची चौकशी केली. दवाखान्यात न्यायला घरात कुणीतरी पाहिजे, असं कारण सांगितलं.

यातून मी एक पद्धत बदलली. आता स्पॉटवर गेलो की गाडी कोण चालवत होतं हे मी आधी विचारत नाही. आधी नियम सांगतो, की चालू लायसन्स असलेलं घरातलं कुणीही चालवत असलं तरी चालतं. मग प्रश्न विचारतो. तेव्हापासून माझ्या भागात म्हाताऱ्या गाडीमालकांच्या हातून होणारे अपघात एकदम कमी झाले आहेत.