कळलावीचं फूल

टेकडीमागच्या माळावर आज कळलावी फुललेली दिसली. पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाकडे लाल होत चाललेल्या. हिला चढायला वेगळे तणावे नसतात. पानाचंच टोक लांबत जातं आणि शेजारच्या गवताला वेटोळं घालून धरतं. जन्मभर मी वर्गात हे शिकवलं. वेल सगळीच विषारी, कंद त्याहून जास्त, हेही शिकवलं. पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरत. मग शास्त्रज्ञांनी तिथून उठवून दुसऱ्या कुळात बसवलं.

आमच्या घरातही तिला जागा नव्हती. मी फूल आणलं की बायको दारातच अडवायची.

"अहो, ते बाहेर ठेवा. घरात भांडणं लागतात त्यानं."

"फुलानं कुठं भांडण लागतं?"

"मग आत्ता काय चाललंय?"

फूल कुंपणावर राहायचं आणि चहा होईपर्यंत आम्ही भांडत राहायचो.

ती गेली, त्याला आता दुसरा श्रावण. घर फार शहाण्यासारखं वागतं. आवाज म्हणून चढत नाही.

आज मी एक फूल खुडलं. सवयीनं दारात थांबलो. कुणी अडवलं नाही. मग ते आत नेलं, पाण्याच्या पेल्यात घालून ओट्यावर अगदी तिच्या डोळ्यांत खुपेल अशा जागी ठेवलं, आणि हात धुऊन वाट पाहत बसलो.