शब्दाखालचा आवाज

माझे दाजी कचरू मास्तर हर्सूलच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपदेश करतात. शिक्षण बेताचं, पण हौस लई. वचनातला शब्द मुळात ग्रीकमधी कसा हाय, हे बघितल्याबिगर उभे राहायचे नाहीत. म्हणून त्यांच्या पोरानं, अभयनं लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ग्रीक शब्द दाबला की खाली चौकट उघडते: नाम का क्रियापद, लिंग कोणतं, वचन कोणतं. दाजींचे उच्चार चुकायचे, तर पोरानं एकेका शब्दाला स्वतःचा आवाज भरून जोडला.

मग बिडकीनहून कामावरून येताना त्याची गाडी ट्रकखाली गेली.

आवाज तेवढा राहिला. दाजी सकाळपासून शब्द दाबत बसायचे. मेलेलं लेकरू घरात परक्या भाषेत बोलायचं, अन् माझी बहीण चंपा भाकरी थापता थापता दचकायची. सगळं बापासाठीच ठेवून गेला, माझ्यासाठी एक शब्द नाय, म्हणून रडायची. पुढं तिचं खाणंच सुटलं. शेवटी मला लासूर स्टेशनहून बोलावून घेतलं अन् म्हणाली, ते यंत्र तुझ्या घरी ने.

मी तोंडाची फटकळ. दाजींना सरळ म्हणलं, तुमच्या ग्रीकपायी माझी बहीण मरंल. ते भांडले नाहीत. रविवारपुरता एक शब्द बघू दे, मग ने, एवढंच म्हणाले.

शब्द होता तारू. चौकट उघडली. नाम, नपुंसकलिंग, एकवचन. अभय बोलला, "प्लोइऑन." त्याच्या पुढचं रेकॉर्डिंग कापायचं पोरगं विसरलं असावं. त्या आवाजामागून चंपाचाच जुना आवाज आला, "अभय, भाकर निवायली रं."

"आलो, आये."

चंपा उठली. त्याच्या जागेवर ताट वाढलं, समोर स्वतःचं घेतलं अन् कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मी हात हलवत लासूरला परतले. मंडळीत आता कुरकुर हाय, मास्तरांचा उपदेश दर रविवारी तारवावरच. घरी जेवायच्या वक्ताला चंपा चुलीपासून हाक मारते अन् दाजी तो शब्द दाबतात. कधी फोन चालू असला तर मला सगळं ऐकू येतं. एवढी फटकळ मी, पण हे बंद करा म्हणायला माझं तोंड उघडत नाय.