शिक्षकेतर तक्ता

माझ्या सासूबाईंनी माझं ऐकलं, असं आयुष्यात एकदाच घडलं. त्या आठवड्यात माझी नोकरी जायची वेळ आली.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. अंबरनाथ पूर्वेला नगरपालिकेची एक लहानशी शाळा. (नंबर सांगत नाही, कारण शेरेबुक अजून तिथंच असणार.) तिथं मी पहिलीची शिक्षिका आणि माझ्या सासूबाई शिपाई. सासरे वारले तेव्हा त्यांच्या जागी सासूबाईंना घेतलं होतं. मी डी.एड. होऊन, लग्न होऊन, नेमणुकीचा कागद घेऊन शाळेच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांची तिथं अठरा वर्षं झाली होती. पोरं, पोरांचे आईबाप, मास्तर, भंगारवाला, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मी घरात ‘आई’ म्हणायचे आणि शाळेत ‘मावशी’. त्या मला घरात ‘वैशाली’ म्हणायच्या आणि शाळेत ‘बाई’. संध्याकाळी शाळेतून घरी येतानाच्या दहा मिनिटांत काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून दोघी गप्प चालायचो.

सकाळी मात्र त्या माझ्या तासभर आधी घर सोडायच्या. पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या, माझा डबासुद्धा भरायच्या आणि चपला घालून चालू लागायच्या. चार खोल्या झाडायला एक तास कशाला लागतो, असं मला नेहमी वाटायचं. विचारलं मात्र कधीच नाही. भाकऱ्या आयत्या मिळत होत्या, उगाच कशाला विचारा?

तर त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेल्या. चार्ज यायचा गायकर गुरुजींकडं, पण गुरुजी म्हणाले, “मला बीपी आहे.” दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. राहिले मी. शाळेतली सगळ्यांत नवी शिक्षिका एका दिवसात प्रभारी मुख्याध्यापिका झाली. मी घरी येऊन आरशासमोर ‘प्रभारी’ हा शब्द दोनतीनदा म्हणून बघितला. चांगला वाटला.

दुसऱ्याच दिवशी एक पालक आल्या.

“मोठ्या बाई आहेत?”

“सध्या मीच. बोला ना.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “मग मावशी कुठं आहेत?”

असं दिवसातून चारदा व्हायचं. दाखला पाहिजे, मावशी कुठं. पोराला खरूज झालीय, मावशी कुठं. मी खुर्चीत बसलेली, टेबलावर शिक्का, आणि लोक माझ्यासमोरून मावशीला शोधत जात होते. शुक्रवारी तर कहर झाला. मी ऑफिसात माहितीचे तक्ते भरत होते, आणि माझ्या वर्गातून एका सुरात आकडे म्हटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तो सासूबाई माझ्या जागेवर मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात चिंचोक्यांचे ढीग, आणि जी पोरं माझ्यापुढं वीसपर्यंत धड मोजत नव्हती ती चिंचोके सरकवत साठावर पोचलेली!

“मावशी, हे काय?”

“तुमी कागद करत होता बाई. पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती.”

आता खरं तर मी थँक्यू म्हणायला पाहिजे होतं. पण मी डी.एड. फर्स्ट क्लास, त्या चौथी पास, आणि वर मी प्रभारी. माझं डोकं फिरलं. नुकतंच एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की शाळेत प्रत्येकाच्या जबाबदाऱ्या ठरवून तक्ता लावावा. मी घरी गुलाबी कार्डशीट आणली, पट्टी घेऊन मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘शिक्षक कर्मचारी’, दुसऱ्या बाजूला ‘शिक्षकेतर कर्मचारी’. शिक्षकांच्या बाजूला अध्यापन, मूल्यमापन, पालक संपर्क असं भारदस्त बरंच काही लिहिलं. शिक्षकेतर बाजूला दार उघडणे, झाडणे, पाणी भरणे, घंटा देणे, टपाल नेणे. आणि खाली लाल स्केचपेननं सूचना: शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी वर्गात जाऊ नये, नेमून दिलेलंच काम करावं, आणि शाळेच्या आवारात शाळाबाह्य लहान मुलांना बसवू नये. (ही शेवटची सूचना एका दोन वर्षांच्या पोरीसाठी होती. रोज घंटेखाली बसून ती शेंगदाणे खायची आणि टरफलं ऑफिसच्या उंबऱ्यावर टाकायची. कुणाची होती देव जाणे.)

माझे यजमान प्रवीण एमआयडीसीत फिटर. त्यांनी कार्डशीट पाहिली आणि म्हणाले, “हे आईला वाचून दाखवणारेस?”

“शाळेत दाखवणार. तिथं मी प्रभारी आहे.”

“मग मला यात ओढू नकोस. मी शिक्षक नाही आणि शिक्षकेतरपण नाही.”

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तक्ता भिंतीला लावला आणि वाचून दाखवला. सासूबाईंनी पदराला हात पुसत शांतपणे ऐकला.

“परत वाचा.”

मी परत वाचला.

“बरं. सही कुठं करू?”

त्यांनी सही केली. कौसल्या, पुरी, काना-मात्रेसकट. घरी येतानाची दहा मिनिटं रोजच्यासारखीच गप्प गेली आणि मला वाटलं, बघा, माणसाला नीट समजावलं की कळतं.

सोमवारी सासूबाई घरातून माझ्याबरोबर निघाल्या. मी म्हटलं, “आज उशीर?” त्या म्हणाल्या, “झाडायला पंधरा मिनिटं लागतात.” त्यांनी दार उघडलं, झाडलं, पाणी भरलं, घंटा दिली आणि स्टुलावर बसल्या. दुसरं काहीसुद्धा केलं नाही.

पहिल्या तासाला माझ्या वर्गात एका पोरानं चड्डी ओली केली. मी सवयीनं हाक मारली. सासूबाई वर्गाच्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबल्या.

“बाई, आत येऊ का? वर्गात जाऊ नये असं लिवलंय.”

फरशी मी पुसली. मग खिचडीचा तांदूळ काढायला गेलो तर कोठीचं दार उघडेना. चावी फिरत होती, दार हलत नव्हतं. गायकर गुरुजींनी ढकललं, मी ढकललं, माझ्या सँडलचा पट्टा तुटला. गुरुजी धापा टाकत म्हणाले, “मला बीपी आहे.” सासूबाई स्टुलावरून बघत होत्या. शेवटी मी विचारलं, “मावशी, हे दार तुम्ही कसं उघडता?”

“गुडघ्यानं वर उचलायचं आन मग चावी. पण ते कोठीचं दार हाय. तक्त्यात शाळेचं दार हाय.”

हे सगळं चाललं असतं हो. मंगळवारी पाण्याच्या टाकीचा कॉक बंद करायचा राहिला आणि व्हरांड्यात तळं झालं, तेही चाललं. पण हजेरी घसरायला लागली. सोमवारी पोरं कमी, मंगळवारी त्याहून कमी, बुधवारी माझ्या वर्गात निम्मी पोरं नव्हती. आणि बुधवारीच दुपारी पत्र आलं. शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब पट तपासायला येणार. हजेरीपटावरची मुलं प्रत्यक्ष वर्गात दिसली नाहीत तर एक तुकडी कमी, म्हणजे एक शिक्षक जास्तीचा. जास्तीचा कोण, तर सगळ्यांत नवा. प्रभारीपदाची खुर्ची मला वाचवू शकत नव्हती. घराचं कर्ज आम्ही दोघांच्या पगारावर काढलेलं, आणि जास्तीच्या शिक्षकाला कुठं पाठवतील, कधी पाठवतील याचा काही नेम नसायचा.

मी पत्र सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “टपालात जायचंय का?”

आता पालक संपर्क शिक्षकांकडं होता. मीच लिहिला होता. गुरुवारी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून शाळेमागच्या वस्तीत गेले. गल्लीगल्लीत दारात बायका बसलेल्या, पुढ्यात उल्हासनगरहून आलेले जीन्सचे ढीग, आणि कात्रीनं धागे कापायचं काम चाललेलं. आईशेजारी पोरंपण धागे कापत होती. त्यांतली तीन माझ्या वर्गातली!

पहिल्या दारात बाई वर न बघता म्हणाली, “पोलिओ पिला दिया.”

“मी शाळेतून आलेय.”

“अच्छा.” तिनं वर पाहिलं. “मावशी बीमार है क्या?”

दुसऱ्या दारात, “मावशी का नाही आल्या चार दिवस?” तिसऱ्या दारात एक आजोबा कळवळून म्हणाले, “मावशी बऱ्या हायेत ना?” तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो रोजचा सकाळचा तास! सासूबाई रोज या गल्ल्यांतून फिरायच्या. कुणाची वेणी घालायच्या, कुणाला तोंड धुवायला लावायच्या, कुणाच्या आईशी भांडायच्या, आणि सगळ्यांना पुढं घालून शाळेत आणायच्या.

शेवटच्या दारात माझ्या वर्गातली सुरेखा बसली होती. मांडीवर घंटेखालची ती शेंगदाणेवाली.

“तू का येत नाहीस गं?”

“हिला कोण बघणार? आई कंपनीत जाते. आधी मावशी बघायच्या. आता बाईंनी नाही म्हटलंय.”

‘बाईंनी’ म्हणजे मी, हे तिला सांगायची गरज नव्हती. मला खरंच लाज वाटली. शेंगदाण्याच्या चार टरफलांपायी मी एका पोरीची शाळा बंद केली होती.

तरी जिद्दीनं मी गल्लीत दिसली ती तीन पोरं गोळा करून आणली. (सुरेखाला ‘उद्या ये, दोघी या’ असं सांगितलं.) वर्गात बसवून नावं विचारली, तर तिसऱ्याचं नाव पटावर सापडेना. तेवढ्यात त्याची आई चार बायका घेऊन शाळेच्या फाटकात, “ये औरत मेरे बच्चे को उठाके लाई!” पोरगं दुसऱ्याच शाळेतलं होतं, त्याला कांजिण्या आल्या होत्या म्हणून घरी होतं. गायकर गुरुजी ऑफिसचं दार आतून लावून बसले. बायका मला घेरून उभ्या, आणि मी हात जोडून ‘प्रभारी, प्रभारी’ म्हणतेय. सासूबाई स्टुलावरून उठल्या, त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “शबाना, नवीन हाय ती. घरी जा, पोराला कडुनिंबाचा पाला लाव.” बाई गेली. सासूबाई परत स्टुलावर.

संध्याकाळी घरी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मीपण एक जुडी ओढून निवडायला घेतली.

“आई, उद्या साहेब येणार.”

“घंटा वेळेवर देईन.”

“पोरं आणाल का?”

“तक्त्यात नाही.”

“चुकलं माझं. उद्या सकाळी तो तक्ता फाडून टाकते.”

“शाळेचा कागद फाडू नये.” त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं हनुवटी केली. “पोरगं शाळेत आणायला काय कागद लागतो का गं वैशाली? मला चौथीनंतर शाळेतनं काढलं, तेव्हा कुणी बोलवायला आलं न्हवतं. कुणी आलं असतं तर मी गेले असते.”

मी उगीच मेथीचे देठ मोजत बसले. मग त्याच म्हणाल्या, “फाडू नको. त्यातच लिव.”

“काय काय लिहू? तुम्ही सांगा.”

त्या सांगायला लागल्या. वेण्या, नखं, उवा, कोठीचं दार, टाकीचा कॉक, कुणाचा बाप पिऊन येतो त्याला फाटकातच थांबवणं, कुणी डबा आणला नाही ते बघणं. कार्डशीटवर तेवढी जागाच नव्हती. शेवटी शुक्रवारी सकाळी मी शिक्षकेतर बाजूला, टपालाच्या खाली एकच ओळ लिहिली: ‘बाकी सगळं.’ आणि लाल सूचनांवर पांढरा कागद चिकटवला.

त्या सकाळी सासूबाई दोन तास आधी निघाल्या. मी शाळेत पोचले तर गल्लीच्या तोंडातून पोरांची रांगच्या रांग येत होती, तेल लावलेली, भांग पाडलेली, आणि सगळ्यांत मागं सासूबाई, कडेवर ती शेंगदाणेवाली. मी एवढी आनंदले की टरफलांसाठी स्वतः जाऊन एक डबा ठेवून आले.

साहेबांनी सगळ्या वर्गांत डोकी मोजली. पट जुळला. मग ऑफिसात चहा पिता पिता त्यांची नजर तक्त्यावर गेली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू नीट वाचल्या.

“हे ‘बाकी सगळं’ म्हणजे कोण?”

“माझ्या सासूबाई.”

साहेबांनी दाराबाहेर पाहिलं. सासूबाई एका हातानं घंटा देत होत्या, दुसऱ्या हातानं एका पोराचं नाक पुसत होत्या. साहेबांनी शेरेबुक ओढून त्यात लिहिलं, सही केली आणि गेले.

नोकरी वाचली. संध्याकाळी घरी सासूबाईंनी विचारलं, “काय लिवलं साहेबानं?”

मी म्हटलं, “चांगलं लिहिलंय.”

“वाच की.”

मी शेरा वहीत उतरवून आणला होता. वाचला. “कामाची वाटणी वस्तुस्थितीला धरून आहे. शिक्षक कर्मचाऱ्यांच्या कामात वाढ करण्यास वाव आहे.”

“परत वाच.”

मी परत वाचला. सासूबाईंनी मान डोलावली, उठल्या, आणि पिठाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. तेव्हापासून आमच्या घरी भाकऱ्या शिक्षक कर्मचारी करतात, आणि शिक्षकेतर कर्मचारी त्यांवर शेरा देतात.