टाकीवाल्यांची समुद्रसहल

आम्ही टाकीवाले दुकानदार कुठंही जमलो, लग्नाच्या मांडवात म्हणा नाहीतर कुणाच्या गोडाऊनमध्ये, विषय फिरून फिरून त्या सहलीवर येतोच. इनमीन तीन दिवसांची सहल, पण तिचे किस्से संपायला तयार नाहीत. उलट दरवर्षी एखादा वाढतो. सांगणारा बदलला की समुद्राच्या लाटासुद्धा वीतभर उंच होतात. मी आपला डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

माझं औशाला पाइप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टाक्यांसाठी गर्दी उसळली. पाणी कधीतरी यायचं, आलं की साठवायला काहीतरी हवं. कंपनीनं आधीच स्कीम लावून ठेवली होती. जो डीलर जास्त टाक्या विकेल त्याला 'कपल टूर', तीही समुद्रकिनाऱ्यावरच्या लक्झरी रिसॉर्टमध्ये. दुष्काळ पडला आणि आमचं टार्गेट पूर्ण झालं. एवढं सरळ गणित.

आमच्या भागातून तीन जोडपी निघाली. उदगीरचे शिवलिंगअप्पा आणि महादेवीकाकू, लोह्याचे व्यंकटराव आणि कौसल्यावहिनी, आणि आम्ही दोघं.

बातमी घरी सांगितली तेव्हा आमच्या सुमनचा पहिला प्रश्न होता, "तिथं पाणी हाय का?"

"अगं, समुद्र हाय."

"ते ठीक. वापरायचं हाय का?"

*

कंपनीनं आम्हाला पाठवलं ऐन जूनमध्ये. तेव्हा तिकडं ऑफ-सीझन असतो, रिसॉर्ट निम्म्या भावात मिळतं. आम्ही बसमधून उतरलो तेव्हा तिकडं धो धो पाऊस सुरू होता. आमच्याकडं अजून ढगाचा पत्ता नव्हता.

रिसॉर्टचा मॅनेजर काळा कोट घालून, छत्र्या घेतलेली माणसं बरोबर घेऊन दारात उभा. हात जोडून म्हणाला, "सर, रिअली सॉरी. पावसामुळे तुमचा मूड गेला असेल. बीचवरचे सगळे खेळ बंद आहेत."

शिवलिंगअप्पांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं. हातातली पिशवी खाली ठेवली, छत्रीखालून बाहेर जाऊन उभे राहिले. धोतर भिजलं, टोपी भिजली, कपाळावरचं भस्म वाहून गेलं. मॅनेजर घाबरून पुन्हा सॉरी म्हणाला.

अप्पा म्हणाले, "साहेब, माफी मागायचीच असंल तर आमच्या उदगीरला येऊन मागा. लई लोक जमतील."

*

रिसेप्शनवरच्या मुलीनं अप्पांना गाव विचारलं, तालुका विचारला, जिल्हा विचारला.

"जिल्हा उदगीर," अप्पा म्हणाले.

तिनं कॉम्प्युटरमध्ये शोधलं. "सर, उदगीर जिल्हा दाखवत नाहीये. लातूर टाकू का?"

उदगीर नवा जिल्हा होणार हे अप्पा ऐकत आलेत त्याला जमाना झाला. त्यासाठीच्या प्रत्येक मोर्चात ते पुढं असतात. दुकानाच्या पाटीवर तर त्यांनी कधीच 'जि. उदगीर' रंगवून घेतलंय. ते लातूर म्हणायला तयार होईनात. मागं बाकी पाहुण्यांची लाइन लागली.

शेवटी ती मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, कॉम्प्युटरमध्ये नाहीच आहे."

अप्पा शांतपणे बाजूच्या सोफ्यावर जाऊन बसले. "होईल. आमी थांबतो. सवय हाय."

महादेवीकाकूंनी पुढं होऊन हळूच लातूर सांगितलं आणि किल्ली घेतली. अप्पांना अजूनही वाटतं, कॉम्प्युटर त्यांच्यापुढं झुकला.

*

आमच्या खोलीत बाथटब होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. सुमननं तो बघितला आणि सामान उघडायच्या आधी नळ सोडला. टब भरला. मग चहाची किटली भरली, पेले भरले, कचऱ्याची नवी कोरी बादली होती तीही धुऊन भरली.

मी म्हटलं, "काय करायलीस? इथं चोवीस तास पाणी असतं."

"असं म्हणणाऱ्यांच्या भरवशावर मी बसत न्हाई," ती म्हणाली.

आम्ही जेवून परत आलो तर साफसफाईवाल्यांनी टब रिकामा करून, पुसून, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकून ठेवलेल्या. सुमन मटकन खाली बसली. मला वाटलं हसेल, पण तिचे डोळे भरून आले होते. त्या उन्हाळ्यात टँकरच्या मागं घागर घेऊन पळताना तिचा पाय मुरगळला होता, तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

मी रिसेप्शनला फोन लावून दिला. तिनं सरळ तक्रार केली, "आमच्या खोलीतलं पाणी कुणीतरी नेलं."

थोड्या वेळानं एक माणूस ट्रेमधून बाटलीबंद पाणी घेऊन आला. दोन बाटल्या. वर लिंबाची फोड.

*

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला म्हणून व्यंकटराव स्विमिंग पूलकडं गेले. लोह्याला विहिरीत पोहून तयार झालेला माणूस. ते सदरा काढून उडी मारणार तेवढ्यात तिथल्या माणसानं अडवलं.

"सर, आधी शॉवर घ्यायचा. मग पाण्यात उतरायचं."

"म्हंजे?"

"आधी अंघोळ करायची, सर."

"अन् ह्यात काय करायचं?"

"मजा, सर."

व्यंकटराव त्यांच्या लोह्याच्या बोलीत 'हाव' म्हणाले, म्हणजे हो. शॉवर घेतला, पाण्यात उतरले, कड धरून बराच वेळ नुसते उभे राहिले. बाहेर आल्यावर त्या माणसानं पुन्हा शॉवर दाखवला. पाण्यातलं औषध अंगावरून जायला पाहिजे म्हणाला. व्यंकटराव मला म्हणाले, "अंघोळीच्या आधी अंघोळ, अंघोळीच्या नंतर अंघोळ. आपल्याकडं एवढ्या पाण्यात लगीन लागतं."

*

महादेवीकाकू तशा कमी बोलणाऱ्या. पण त्यांच्या बाथरूममध्ये एक कार्ड लावलेलं होतं. अप्पांनी ते वाचून दाखवलं: पाणी अनमोल आहे, टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. काकूंना ते फार पटलं. त्यांनी टॉवेल तर वापरलाच नाही, आपलं जुनं लुगडं काढलं.

संध्याकाळी आम्ही सगळे बागेत बसलो होतो. पाऊस पुन्हा सुरू झाला, म्हणून छपराखाली सरकलो. बघतो तर हिरवळीवर कारंज्यासारखे नळ फिरत होते. वरून पाऊस, खालून नळ.

काकू उठल्या आणि थेट मॅनेजरपुढं उभ्या राहिल्या. "ते बंद करा."

"मॅडम, ते ऑटोमॅटिक आहे. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होतं. मध्येच बंद करता येत नाही."

काकूंनी थोडा विचार केला. "आमच्याकडं बंद असतंय ते सुरू करता येत न्हाई. तुमच्याकडं सुरू हाय ते बंद करता येत न्हाई. तरी कार्ड आमच्याच न्हाणीत लावलंय."

मॅनेजर सॉरी म्हणाला. तेवढं त्याला छान जमायचं.

*

त्याच दिवशी सत्काराचा कार्यक्रम झाला. कंपनीचे एरिया मॅनेजर साहेब पुण्याहून आले होते. मागं पडद्यावर आमच्या भागाचा नकाशा, त्यावर विक्रीचे लाल बाण वर चाललेले. साहेब रंगात येऊन बोलले, "यंदा मराठवाड्यानं कमाल केली. पुढच्या वर्षी यापेक्षा मोठं टार्गेट घेऊ. निसर्गाची अशीच साथ राहो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन-तीन वाजवून झाल्यावर अर्थ ध्यानात आला, मग हात कुठं ठेवावेत ते कळेना.

ट्रॉफी घ्यायला शिवलिंगअप्पांना बोलावलं. साहेबांनी माइक पुढं केला, "अप्पा, दोन शब्द. पुढच्या वर्षी कितवा नंबर?"

अप्पा म्हणाले, "पुढल्या वर्षी आमच्या दुकानाकडं गिऱ्हाईक फिरकू नये, ही बसवेश्वराच्या चरणी प्रार्थना."

साहेबांना वाटलं अप्पा विनोद करतात. ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

*

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

व्यंकटराव आणि कौसल्यावहिनी एका खोलीत उतरले होते खरे, पण वहिनी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या सुमनला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, चष्मा इसरलाय." सुमन मला सांगायची, मी व्यंकटरावांना. हे तीन दिवस चाललं. कंपनीच्या फोटोग्राफरनं 'रोमँटिक पोज द्या' म्हटल्यावर दोघं असे उभे राहिले की मध्ये आणखी एक जोडपं मावलं असतं.

सुमननं वहिनींकडून काढून घेतलं ते असं. लोह्याजवळ त्यांची मोसंबीची बाग होती. झाडं वहिनींनी लावलेली, लेकरासारखी वाढवलेली. त्या उन्हाळ्यात बोअर आटला. वहिनी म्हणाल्या, दोन टँकर टाका, निदान कडेची झाडं जगतील. व्यंकटराव दुकानातल्या गर्दीत होते. म्हणाले, "जाऊ दे बाग. दुकान चालायलंय ना." पुढं वाळलेली झाडं तोडायला माणसं लावली, तेव्हा वहिनी बांधावर बसून होत्या. त्या दिवसापासून अबोला.

निघायच्या दिवशी सकाळी नाश्त्याला गेलो. एका टेबलावर मोसंब्यांची रास होती. पांढरी टोपी घातलेला एक जण रस काढून देत होता. व्यंकटराव तिथं जाऊन थांबले. एक मोसंबी उचलली, नखानं साल खरवडली, वास घेतला, परत ठेवली. मग एक ग्लास भरून घेतला आणि सगळा हॉल ओलांडून वहिनींच्या टेबलाशी आले. ग्लास पुढं ठेवला. बसले नाहीत. नुसते उभे.

सुमननं मला खुणेनं गप्प केलं. काकूंचा हात इडलीवरच थांबला.

वहिनींनी आधी ग्लासाकडं बघितलं. मग उचलला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. आणि मान वर करून सरळ नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "पाणी घातलंय ह्यात."

व्यंकटरावांनी त्यांच्या हातून ग्लास घेतला, एक घोट प्यायले, खुर्ची ओढून समोर बसले.

"हाव," ते म्हणाले.