विमानाच्या वेळा पाठ असलेले काका

कुणी युरोपला निघालंय एवढं कळलं, की इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमधले आमचे शेजारचे काका खुलतात. "पॅरिस ते रोम? अकराशे किलोमीटर. विमानाचे दोन तास, पण एअरपोर्टचे वेगळे तीन धर गं!" स्वतः मात्र ते तिकडे कधीच गेलेले नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत अठरा वर्षं उभे आहेत. देशाबाहेर गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर, ही धास्ती.

या अन्यायाविरुद्ध मी सरकारला निवेदन लिहिलं आणि त्याच रांगेतल्या मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सह्यांसाठी घेऊन गेले. "नको यार, आपली केस अडकेल," म्हणत सगळे जेवणाकडे वळले. काकांनी प्लेट खाली ठेवली, हात पुसले आणि पहिली सही ठोकली. शेजारी 'कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'मला युरोप बघायचाय.'